छापील तार आणि सुती कापड

पुरस्कर्ता : कापडावर रंगाने फूल छापणे आणि कापडावर शाईने तार छापणे या दोन कृतींमध्ये हाताच्या हालचालीचा फरक जवळपास नाही, ही गोष्ट वाहक शाईचा विचार करताना सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, नको तेथे बुजवलेली तिची छिद्रे, वर ओतलेली शाई आणि ती एका दमात ओढणारी रबरी पट्टी, जिला छपाईवाले स्क्विजी म्हणतात, एवढ्या सामग्रीवर तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि टी-शर्ट छापले जातात. त्याच शाईत रंगद्रव्याऐवजी चांदीचे बारीक पापुद्रे मिसळले, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापातले कण, की छापलेली रेघ वाळल्यावर वीज वाहू लागते. कण किती असावेत याला एक उंबरठा असतो. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. माणसे विरळ असताना एका टोकाचा नारळ दुसऱ्या टोकाला पोचवायचा तर कोणाला तरी चालत जावे लागते, पण गर्दी एका मर्यादेपलीकडे दाटली की तोच नारळ कोणी जागचे न हलता हातोहात पलीकडे जातो. शाईतील कणांचेही तसेच आहे. ते एकमेकांना स्पर्श करण्याइतके दाटले की वीज कणाकणातून वाट काढते, आणि त्याआधी ती जवळजवळ वाहतच नाही. हे तत्त्व साधे आहे, साधने ओळखीची आहेत आणि कापड खानदेशाच्या रक्तातले आहे. ज्या अमळनेर गावात मोतीलाल माणिकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कापडगिरणी उभी केली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञानाचे केंद्रही काढले, त्या गावाने कापडाच्या या नव्या रूपाचा विचार करावा, यात ओढूनताणून आणलेले काही नाही.

शंकाकार : तत्त्व साधे आहे हे मान्य करूनही साधनांविषयी तसे म्हणता येत नाही, कारण जाळी आणि स्क्विजी जरी तीच राहिली तरी ज्यावर छापायचे तो आधार बदलला की सगळे गणित बदलते. चांदीची लुगदी जाळीतून छापून विद्युतवाहक रेघा काढण्याचे काम महाराष्ट्रात नवे नाही. पुण्याच्या सी-मेट या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत अशा जाड थराच्या पदार्थांवर दीर्घकाळ संशोधन झाले, आणि या कामासाठी ओळखले जाणारे तेथील माजी प्रमुख दिनेश अमळनेरकर यांचे आडनाव याच गावाचे आहे, हा योग सुखद म्हणावा असा आहे. परंतु ती छपाई प्रामुख्याने चिनी मातीसारख्या कठीण, सपाट सिरॅमिकवरची होती आणि छापल्यानंतर ते तुकडे साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जात. त्या तापमानाला शाईतला चिकट बंधक जळून जातो आणि चांदीचे कण एकजीव होतात. सुती कापड दीडशे अंशांच्या पुढे पिवळे पडू लागते. म्हणजे कापडावरच्या शाईला १२० ते १५० अंशांत, काही मिनिटांत भागवावे लागते, आणि एवढ्या उष्णतेत कण वितळून एक होत नाहीत, ते बंधकात रुतून नुसते एकमेकांना टेकलेले राहतात. यात्रेचा दृष्टांत येथेच उलटतो. गर्दीतली माणसे हातात हात घालून उभी असतात, पण पायाखालची वाळू हलली तर हात सुटतात. आणि कापड ही हलणारी वाळूच आहे. ते वळते, ताणले जाते, घडी घालून ठेवले जाते, पाण्यात बुडते, दगडावर आपटले जाते आणि पिळले जाते. त्यामुळे वीज वाहते की नाही हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता सुटलेला आहे. कापडाच्या आयुष्यातला खरा प्रश्न धुण्याचा आहे.

पुरस्कर्ता : धुण्याचा प्रश्न कोणी टाळलेला नाही, उलट गेल्या दोन दशकांत या क्षेत्रातली बरीच बुद्धी त्याच्यावरच खर्च झाली आहे. विणलेल्या कापडाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर उभा ताणा आणि आडवा बाणा यांच्या वरखाली जाण्याने तयार झालेले डोंगर आणि दऱ्या दिसतात, आणि सरळ त्यावर शाई ओढली तर ती दऱ्यांत मुरते व डोंगरांवर तुटते. म्हणून आधी पॉलियुरेथेनचा, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा, एक अरुंद थर नेमका तारेच्या मार्गापुरता छापून तेवढी वाट सपाट केली जाते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने या पद्धतीवर बरेच काम केले आहे. त्यावर चांदीची रेघ येते आणि तिच्यावर पुन्हा पॉलियुरेथेनचे पांघरूण येते. अशा तऱ्हेने तार दोन थरांच्या मधोमध पडते, आणि वाकताना सर्वांत कमी ताण मधल्या थरालाच बसतो, कारण बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मध्य जवळपास जागेवर राहतो. रेघ सरळ न काढता नागमोडी काढली तर कापड ताणल्यावर ती आधी सरळ होते आणि मग ताण घेते. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक भाग कापडाला कायमचे जोडायचेच नाहीत, टिचबटणाने लावायचे आणि धुण्याआधी काढायचे. हृदयाचा आलेख काढताना छातीवर चिकटवल्या जाणाऱ्या गोल चकतीला तारेचे टोक टिचबटणासारखेच बसते, म्हणजे ही जोडणी वैद्यकात आधीच रुळलेली आहे.

आणि आकड्यांकडे पाहिले तर या तारा अनेक कामांना पुरेशा आहेत. पातळ थराचा रोध चौरसात मोजतात, कारण ठरावीक जाडीच्या थराचा कोणताही चौरस तुकडा, लहान असो की मोठा, दोन समोरासमोरच्या कडांमध्ये सारखाच रोध दाखवतो. एक मिलिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब रेघ म्हणजे एकापुढे एक ठेवलेले तीनशे चौरस. चांदीच्या शाईचा रोध चौरसाला पाच शतांश ओहम धरला तर ही रेघ पंधरा ओहमची होते, आणि कार्बनच्या शाईचा पन्नास ओहम धरला तर तीच रेघ पंधरा हजार ओहमची होते. हृदयाचे किंवा स्नायूंचे क्षीण संकेत वाहून नेण्यासाठी पहिली रेघ उत्तम आहे, आणि दुसरी, जास्त रोधाची, गरम होणाऱ्या पट्ट्यासाठी किंवा दाब मोजणाऱ्या चटईसाठी योजता येते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला कोठे सतत दाब पडतो आहे हे चादरीनेच सांगावे, म्हणजे जखम होण्याआधी त्याला कुशीवर वळवता येईल, ही अपेक्षा चैनीची नाही. घरी म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा केलेल्या कोणालाही ती समजते.

शंकाकार : चादरीचे उदाहरण मनाला भिडणारे आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा कठोरपणे व्हायला हवी. वर सांगितलेले तिन्ही थर छापून झाल्यावर हाती काय येते ते पाहावे. सुती कापडावर प्लास्टिकची एक अरुंद पट्टी येते, जी घाम शोषत नाही आणि हवा जाऊ देत नाही. जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेथे माणूस सूत वापरतो ते ओलावा शोषते म्हणूनच. प्रमाणित हवेत कापसाचा तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. नेमका हाच गुण छापील तारेचा वैरी ठरतो. ओला झालेला सुती तंतू लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत चांगलाच फुगतो आणि वाळताना पुन्हा आकसतो. प्रत्येक धुण्यागणिक तारेखालची जमीन अशी श्वास घेत राहते, त्यातून केसाएवढ्या भेगा पडतात आणि रोध चढत जातो. घामातल्या क्षारांमुळे, ओलाव्यात आणि सतत एकाच दिशेच्या विद्युतदाबाखाली, चांदीचे आयन एका रेघेकडून शेजारच्या रेघेकडे सरकतात आणि दोन तारांच्या मध्ये चांदीचाच नको तो पूल बांधतात. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते हे तर देव्हाऱ्यातली निरांजने घासणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पॉलिस्टरवर यांतले बरेच प्रश्न सौम्य होतात. पण मग खानदेशच्या कापसाचे नाव कशाला घ्यायचे? जो धागा या भूमीचा आहे तोच या शाईला सर्वांत अवघड जातो, हे स्पष्ट सांगूनच पुढचे बोलणे व्हावे.

पुरस्कर्ता : सुताला अवघड जाते हे स्पष्टपणे मान्य आहे; तो मुद्दा पुढे पुन्हा येईलच. मात्र धातू आणि तंतू यांचा संसार जमत नाही असा जर निष्कर्ष काढायचा असेल तर त्याविरुद्ध येवल्याची पैठणी उभी आहे. खरी जर म्हणजे रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती चपटी केलेली चांदीची तार गुंडाळून त्यावर सोन्याचा मुलामा दिलेला धागा, आणि हा धागा वीज वाहतो. पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या मांडवात वाहक कापड नेसले जात होते, फक्त त्यातून वीज सोडावी असे कोणाला वाटले नव्हते. हा निव्वळ अलंकारिक युक्तिवाद नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट, मॅगी ऑर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापडी परिपथांचे जे आरंभीचे प्रयोग केले, त्यांत त्यांनी वापरलेले कापड रेशमी ऑर्गंझा होते, ज्याच्या बाण्याच्या रेशमी धाग्याभोवती तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेला असतो आणि जे भारतात निदान शतकभर विणले जात आले आहे. म्हणजे वाहक कापडाच्या आधुनिक इतिहासातले एक आरंभीचे पान भारतीय विणकराच्या हातून आले. जर काठापुरती, नक्षीपुरती, पदरापुरती येते. तिच्यामुळे साडीचे उरलेले अंग प्लास्टिक झाले नाही. छापील तारेनेही कापडावर एवढीच जागा घ्यावी.

शंकाकार : जरीचा दाखला बोलका आहे, पण तो पूर्ण करायला हवा, कारण जरीची गोष्ट साडी नेसण्याने संपत नाही. साडी विरली की जुनी जर विकत घेणारे दारावर येत. काठ आणि पदर जाळून चांदी परत मिळवली जाई आणि घराला चार पैसे मिळत. उरलेल्या नरम कापडाची गोधडी होई, तिचेही आयुष्य सरले की चिंधी होई, आणि चिंधीलाही चुलीजवळ काम असे. धातू परत धातूच्या वाटेने गेला आणि कापड कापडाच्या वाटेने. छापील तारेत हे वेगळे होणे जवळपास अशक्य आहे. एक मिलिमीटर रुंद, एक मीटर लांब आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या जाडीच्या रेघेत फार तर एक दशांश ग्रॅम चांदी भरते. ती परत काढण्याचा खटाटोप जळगावच्या सराफ बाजारात कोणालाही परवडणार नाही, आणि ती तशीच राहिली तर कापड गोधडीच्याही कामाचे उरत नाही, कारण पॉलियुरेथेनच्या पट्ट्यांतून सुई सुखाने जात नाही. तार एकदा तुटली तर ती सांधताही येत नाही. फाटलेला सदरा रफू करणारा हात गावोगाव होता. छापील रेघेतली केसाएवढी भेग दिसण्यासाठीच उपकरण लागते.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. गूगल आणि लिव्हाइज या कंपन्यांनी मिळून २०१७ मध्ये एक डेनिमचे जाकीट बाजारात आणले, ज्याच्या बाहीत वाहक धागे विणलेले होते आणि बाहीवर हात फिरवला की खिशातला फोन आज्ञा घेत असे. कापड उत्तम होते. २०२३ मध्ये त्यामागची फोनवरची सेवा बंद करण्यात आली आणि धागा शाबूत, शिवण शाबूत, पण बाही मुकी झाली. कापडाच्या हजारो वर्षांच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते, की विणणाऱ्याने दूर बसून एखादी कळ दाबावी आणि घेणाऱ्याच्या अंगावरचे वस्त्र निम्मे निरुपयोगी व्हावे.

येथे वादाची दिशा पालटते. आतापर्यंत आक्षेप शाईवर होते, भेगांवर आणि घामावर होते, आणि त्यांना कमीअधिक समाधानकारक उत्तरे मिळत होती. आता आक्षेप मालकीवर येऊन ठेपला आहे, आणि पुरस्कर्त्याने पुढे जे मांडले ते प्रयोगशाळेतून आलेले नाही, ते गावाच्या इतिहासातून आलेले आहे.

पुरस्कर्ता : मालकीचाच विचार करायचा तर अमळनेरइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल. २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने, मोहम्मद हाशम प्रेमजी यांच्या पुढाकाराने, येथे वनस्पती तूप काढायला सुरुवात केली. पुढे त्या लांब नावाच्या आद्याक्षरांतून विप्रो हे नाव आले, १९६६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली, आणि १९८०च्या सुमारास हीच कंपनी संगणकाच्या व्यवसायात उतरली. गावातल्या अनेक कुटुंबांनी जुन्या काळी घेतलेले समभाग जपून ठेवले आणि त्यांची भरभराट झाली, ही गोष्ट देशभर सांगितली जाते. म्हणजे तेलाच्या घाण्यापासून संगणकापर्यंतची झेप या गावाने एकदा पाहिलेली आहे. मग कापसापासून संवेदक कापडापर्यंतची झेप त्याला अशक्य का वाटावी? विद्या जवळच आहे. तापीच्या पलीकडे शिरपूरला एनएमआयएमएस विद्यापीठाचे वस्त्रविद्येचे केंद्र आहे, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या आणि आज आयसीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत वस्त्ररसायनाचा अभ्यास पहिल्या दिवसापासून आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १,४८० कोटी रुपयांची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, आणि तांत्रिक वस्त्रे म्हणजे शोभेपेक्षा कामासाठी विणलेली कापडे, ज्यांत शेतजाळीपासून जखमपट्टीपर्यंत सर्व येते. वाऱ्याची दिशा अनुकूल आहे.

शंकाकार : अमळनेरचा हा इतिहास अभिमानाचा आहे, परंतु त्यातून निघणारा धडा जरा वेगळा आहे. हिस्सा आणि हुन्नर या दोन निराळ्या वस्तू आहेत. समभागांनी गावाला हिस्सा दिला, आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांना भरभरून दिला. पण संगणकाचे हुन्नर बंगळुरूला वाढले. त्याउलट गिरणीने मजुरांना हिस्सा दिला नाही, मात्र हुन्नर दिले: खळ चढवणारा, साचा चालवणारा, तुटलेला धागा चालत्या यंत्रावर एका बोटाने सांधणारा माणूस त्यातून घडला, आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्या हुन्नराला विचारणारे कोणी उरले नाही. वाहक शाईचा कारखाना उद्या खानदेशात आला तर तो या दोहोंपैकी काय देईल? शाईचे सूत्र बाहेरून येईल, चांदीचे पापुद्रे बाहेरून येतील, टिचबटणाला लागणारी इवलीशी पेटी बाहेरून येईल, आणि येथे उरेल स्क्विजी ओढणे. ज्या कामात शिकण्यासारखे सर्व काही डब्यात बंद होऊन येते ते काम माणसाला घडवत नाही. प्रतापशेठांनी गिरणीच्या जोडीला तत्त्वज्ञानाचे केंद्र काढले, यामागे निदान एवढी जाण असावी, की उत्पादनाच्या शेजारी विचाराचीही जागा असली पाहिजे.

पुरस्कर्ता : हिस्सा आणि हुन्नर हा भेद योग्य आहे आणि तो पुढे धरूनच चालावे. तसे केले की अंगावरचा सदरा आणि रुग्णालयाची चादर थोडी बाजूला ठेवून, येथील माणसाला सूत्र स्वतः समजेल आणि उपयोगही स्वतःचाच असेल असे कापड शोधावे लागते. मघाशी आक्षेप असा होता, की सूत ओलावा धरते आणि त्यामुळे छापील तारेचा रोध जागेवर राहत नाही. पण हीच गोष्ट उलट बाजूने पाहावी. ओलाव्याने कापसाचा रोध बदलतो, आणि तोही थोडाथोडका नव्हे, कोरड्यापासून ओलसरपर्यंत जाताना तो हजारो पटींनी कोसळतो. म्हणजे कापूस स्वतःच ओलावा मोजणारा पदार्थ आहे. खानदेशातल्या शेतकऱ्याला हे शिकवण्याची गरज नाही. कापूस विकायला नेला की खरेदीदार गाडीतल्या ढिगात दोन टोकांचा दांडा खुपसतो आणि हातातल्या डबीवर आकडा पाहतो, त्याला बाजारात मॉइश्चर म्हणतात. अशा अनेक यंत्रांचे आत एवढेच काम असते, की दोन टोकांमधल्या कापसातून किती वीज जाते ते पाहायचे आणि त्यावरून पाण्याचा टक्का सांगायचा. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव असतो, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत भाव उतरत जातो आणि बारापुढे कापूस घेतला जात नाही.

आता असा विचार करावा, की सुती कापडाच्या एका वितभर पट्टीवर कार्बनच्या स्वस्त शाईने कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांत शिरलेले, पण एकमेकांना न टेकणारे दोन आकार छापले आहेत. मध्ये प्लास्टिक नको आणि वर पांघरूणही नको, कारण येथे ओलावा आत यायलाच हवा. चांदी नाही, म्हणून ती सरकण्याचे भय नाही. पट्टी अंगावर घालायची नाही, म्हणून ती आठवड्याला धुवायची नाही. भाव वाढेल या आशेने शेतकरी घरातली खोली भरून कापूस ठेवतो, त्या ढिगात अशा चार पट्ट्या वेगवेगळ्या खोलीवर पुरून ठेवल्या आणि त्यांची टोके बाहेर काढली, तर वीज दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही असणाऱ्या साध्या मल्टिमीटरने तो रोज पाहू शकतो की ढीग कोठे दमट राहिला आहे, उलटून उन्हात टाकायला हवा का, आणि विक्रीला नेण्याजोगा कोरडा केव्हा झाला. येथे शाईतली काजळी, बंधक आणि जाळी गावातच जुळवता येतील, पट्टी चुकली तर पुन्हा छापता येईल, आणि सेवा बंद करणारी दूरची कंपनी यात कोठेच नाही. मघाच्या आक्षेपात जो सुताचा दोष होता तोच येथे मापाचा आधार झाला.

शंकाकार : हा पालट खरोखर विचार करायला लावणारा आहे, आणि आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत हे एकच असे आहे ज्यात वस्तू, गरज आणि माणूस एकाच गावचे आहेत. तरीही दोन शंका उरतात. पहिली मापाची आहे. कापसाचा रोध केवळ ओलाव्याने बदलत नाही. ढीग दाबला की तंतू एकमेकांना जास्त टेकतात आणि रोध उतरतो, म्हणजे तोच कापूस सैल असताना कोरडा आणि तुडवलेला असताना ओला दिसू शकतो. तापमानाचाही परिणाम होतो, धुळीचा होतो, आणि पट्टीचे स्वतःचे सूत शेजारच्या कापसाशी समतोल साधायला वेळ घेते. म्हणून प्रत्येक छापलेल्या पट्टीला आधी ज्ञात ओलाव्याच्या कापसात ठेवून तिचे कोष्टक बनवावे लागेल, आणि हाताने छापलेल्या दोन पट्ट्यांचे कोष्टक सारखे येणार नाही. छपाईवाल्याला फुलाचा रंग एक छटा गडद गेलेला चालतो, येथे तो चालणार नाही. ही उणीव मेहनतीने भरून निघेल असे मानू.

दुसरी शंका मात्र मेहनतीने भरून निघणारी नाही. आकडा कोणाचा चालतो? शेतकऱ्याच्या घरातल्या पट्टीने नऊ टक्के सांगितले आणि खरेदीच्या जागी दांड्याने अकरा सांगितले, तर पावतीवर अकराच लिहिले जाणार, कारण त्या जागी ज्याच्या हातात यंत्र त्याच्याच हातात भाव असतो. मग घरी मिळालेल्या ज्ञानाने शेतकऱ्याला पैसे मिळणार नाहीत; फार तर आपली फसगत झाली असावी ही बोच त्याला अधिक अचूकपणे कळेल.

पुरस्कर्ता : ती बोच कमी लेखू नये, कारण प्रत्येक न्याय्य मापाची सुरुवात कोणाला तरी ती टोचल्यानेच झाली आहे. शेतकरी आजही भरलेली गाडी आधी दुसऱ्या वजनकाट्यावर तोलून घेतो आणि मग बाजारात नेतो. त्याच्या खिशातली ती चिठ्ठी व्यापाऱ्यावर बंधनकारक नसते, पण ती खिशात आहे हे दोघांनाही ठाऊक असते, आणि तेवढ्याने तोलणाऱ्याचा हात सरळ राहतो. ओलाव्याच्या बाबतीत अशी चिठ्ठी आज सहजी मिळत नाही, ती पट्टी देऊ शकेल. आणि दोन यंत्रांचे पटले नाही तर दोहोंच्या वरचा निवाडाही उपलब्ध आहे, जो विजेवर मुळीच अवलंबून नाही: मूठभर कापूस वजन करून घ्यावा, साधारण १०५ अंशांच्या भट्टीत त्याचे वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवावा आणि पुन्हा तोलावा. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. त्याला एक चांगला तराजू आणि एक लहान भट्टी लागते, आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयात या दोन्ही गोष्टी असतातच. पट्टी छापणारा कारागीर, कोष्टक बनवणारा विद्यार्थी आणि निवाडा देणारी प्रयोगशाळा ही तिन्ही एकाच तालुक्यात असली, तर मघाशी ज्याला हुन्नर म्हटले ते आणखी कशाला म्हणायचे?

शंकाकार : त्यालाच म्हणायचे, आणि तसे झाले तर या शाईवरचे निम्मे आक्षेप मागे घ्यावे लागतील. परंतु भट्टीत कापूस वाळायला तास लागतात, आणि खरेदी केंद्राबाहेर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग सकाळपासून लागलेली असते. ट्रॉली बहुधा भाड्याची असते, दिवस मावळला की दव पडू लागते, आणि उघड्यावरचा कापूस रात्रीतून पुन्हा ओलावा ओढतो, म्हणजे निवाडा हाती येईपर्यंत ज्याचा निवाडा करायचा तो कापूसच बदललेला असतो. पट्टीचा आकडा आणि दांड्याचा आकडा यांच्यातला वाद मिटेतो ती ट्रॉली उभी कोठे करायची, तिच्यावर ताडपत्री कोणी घालायची आणि त्या रात्रीचे भाडे कोणाच्या अंगावर टाकायचे, याचे उत्तर शाईत तर नाहीच, आणि ते कोठे शोधायचे हे अजून कोणी सांगितलेले नाही.